तोंडाचा तुकडा

मृण्मयी : फोनवर नीट कळत नाही, बाबा. बासरीला तडा म्हणजे केवढा? केसाएवढा की नख जाईल एवढा?

अनंतराव : नख जातं.

मृण्मयी : कुठून कुठपर्यंत?

अनंतराव : फुंकायचं भोक आहे ना, त्याच्या आरपार. पुढं पहिल्या चांदीच्या कड्यापाशी थांबलाय.

मृण्मयी : आणि दिसला कधी?

अनंतराव : आज. दिसायच्या आधी ऐकू आला. जेवण झाल्यावर मी शेंगा सोलत बसलो होतो. कपाटातून आवाज आला. मला वाटलं आरसा गेला. आरसा नीट होता. मग तिची साडी काढली, तिच्यात गुंडाळून ठेवली होती.

मृण्मयी : आईच्या साडीत? बाबा, ती बासरी आहे, पापड नाहीत.

अनंतराव : मग कशात ठेवू? बासरीची पेटी तू लातूरला नेलीस.

मृण्मयी : तुम्हीच दिलीत. पेटी ने म्हणालात, बासरी राहू दे. रिकामी पेटी घेऊन मी नांदेडहून आले एसटीत. बाजूची बाई विचारत होती, आत काय आहे, तर मी म्हणाले काही नाही.

अनंतराव : रागावू नकोस.

मृण्मयी : रागावत नाहीये. उन्हाळा कसला आहे तिकडं. कूलर त्याच खोलीत लावता का?

अनंतराव : कूलर लावतच नाही मी. आवाज होतो त्याचा. काही ऐकू येत नाही.

मृण्मयी : ऐकायचंय काय तुम्हाला, एकट्या घरात?

अनंतराव : ते सोड. तडा वाढू नये एवढं करायचंय. घरी काही लावता येतं का?

मृण्मयी : घरी काही लावू नका. फेविकॉल तर अजिबात नका लावू. आमच्या क्लासमधल्या उज्ज्वलामॅडम उदगीरच्या आहेत. त्यांच्या गल्लीत एक खरादी आहे, लाकूड कातणारा, मलप्पा. सनया दुरुस्त करतो. हैदराबादहून लोक येतात म्हणे त्याच्याकडं. रविवारी तुम्ही नांदेडहून या, मी लातूरहून येते. तिथंच भेटू.

अनंतराव : दुरुस्ती नको. वरून चिकटवला की झालं. उघडायची नाही.

मृण्मयी : उघडायची म्हणजे? ती काय बंद आहे का?

अनंतराव : जोडलेली आहे. चारही तुकडे जोडलेले आहेत.

मृण्मयी : इतके दिवस जोडूनच ठेवली? आई वाजवून झाली की लगेच तुकडे काढायची. पुसायची, मग पेटीत. तुम्ही बघितलंय की रोज.

अनंतराव : बघितलंय.

मृण्मयी : बरं, रविवारी बघू. बाबा, एक विचारू?

अनंतराव : विचार.

मृण्मयी : तडा गेला त्याच्या आधी... वाजली का ती?

अनंतराव : तुला कुणी सांगितलं?

मृण्मयी : कुणी नाही. आज दुपारी मी वर्गात होते. पोरांना ध्वनीच शिकवत होते नेमकं. आणि मधेच सूर आला, बारीक. मी पंखा बंद केला. पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी विचारलं, आवाज आला का? मॅडम, कसला? म्हणाली.

अनंतराव : मला रोज येतो.

\*

मलप्पा : दम धरा, दम धरा. हातात देऊ नका. इथं गोणपाटावर ठिवा. आता तुम्ही बी बसा. ताई, तिकडं भुशावर बसू नका, कपडे खराब होतेत. हं. ही बगा कशी काळी. शिसम न्हाई. आबनूस बी न्हाई.

मृण्मयी : आफ्रिकेतलं लाकूड आहे म्हणतात. पाण्यात टाकलं तर बुडतं.

मलप्पा : टाकून बगितलं का?

मृण्मयी : नाही हो!

मलप्पा : मग बरं झालं. लोक काय बी करतेत. एकानं सनई गोडेतेलात बुडवून आणली होती. म्या म्हणलं, भजी तळाया आणली का? ही आली कुठून तुमच्याकडं?

अनंतराव : माझ्या बायकोची. तिच्या आजोबांची आधी. देगलूरला मास्तर होते ते. शेजारी निजामाच्या फौजेतले एक म्हातारे बँडमास्तर राहायचे. मूलबाळ नव्हतं. जाताना ही आजोबांना दिली. आजोबांनी नातीला शिकवलं.

मलप्पा : म्हंजे फौजेची फ्लूट. चांदी खरी हाय. चाव्या बी जाग्यावर. मी आधीच सांगतो सायेब, मी लाटणी करतो, पाळण्याचे पाय करतो, सनई डोळे झाकून नीट करतो. पण असली चाव्यांची फ्लूट दोन-चारदाच हातात आली. त्यातली एक माझ्याच हातून गेली. नंतर म्हणू नका सांगितलं न्हाई.

मृण्मयी : गेली म्हणजे?

मलप्पा : जास्तीची तापवली. फुटली. ज्याची होती तो अजून रस्त्यात दिसला की तोंड फिरवतो. चांगला दोस्त होता. आता... ही काय गत केली हो?

मृण्मयी : काय झालं?

मलप्पा : समदी भोकं बुजलेली हायेत. हे मेण हाय. तोंड बी बुजलेलं, खालचं टोक बी. लोणच्याची बरणी हाय का ही?

मृण्मयी : बघू. बाबा, हे कुणी केलं?

अनंतराव : मी.

मृण्मयी : कधी?

अनंतराव : त्याच दिवशी.

मृण्मयी : कुठल्या? बाबा, कुठल्या दिवशी?

अनंतराव : मलप्पा, माझी बायको वाजवता वाजवता गेली. संक्रांत नुकतीच झाली होती. पलंगावर बसून वाजवत होती. मधेच थांबली. म्हणाली, अहो, जरा पाणी आणा. मी पाणी घेऊन आलो तर बासरी मांडीवर होती आणि ती भिंतीला टेकलेली होती. मला वाटलं डोळे मिटून बसलीय.

मलप्पा : अरारा.

अनंतराव : मग डॉक्टर आले, लोक आले. शेजारच्या बायका आत, पुरुष बाहेर. हिला फोन गेला. मी आतल्या खोलीत गेलो. तुकड्यांच्या सांध्यांना दोरा गुंडाळायची ती, त्या दोऱ्याला लावायचं मेण तिच्या शिवणाच्या डब्यात असायचं. ते घेतलं. बोटानं मऊ केलं आणि एकेक भोक बंद केलं.

मृण्मयी : मी आले तेव्हा सगळे तुम्हाला शोधत होते. मामा गच्चीवर जाऊन आला. आम्हाला वाटलं, तुम्ही कुठं...

अनंतराव : आतच होतो. कडी लावली होती.

मृण्मयी : पण कशासाठी, बाबा?

अनंतराव : आत तिची हवा होती. शेवटची. तिनं फुंकलेली.

मृण्मयी : बाबा...

अनंतराव : बोल. क्लासमधल्या पोरांना सांगतेस तसं सांग. हवा अशी राहत नसते म्हणून सांग.

मृण्मयी : नाही सांगत.

मलप्पा : सायेब, मी वरून चिकटवू शकतो. तुम्ही म्हणाल तर आत्ता चिकटवून देतो. पण पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडनं फुटंल. फुंकली की लाकूड आतून ओलं होतंय. तुकडे काढून पुसलं तर वाळतंय. तुम्ही ओल आत कोंडली. बाहेर नांदेडचं ऊन. आतलं लाकूड फुगलं, बाहेरचं आवळलं. त्यानं काय करावं मग?

अनंतराव : मला ते माहीत नव्हतं.

मलप्पा : कुणाला मालूम असतंय? अगं ए, ताक आण की. माणसं नांदेडहून आलीत.

लक्ष्मम्मा : आणलंय न्हवं. हात दोनच हायेत मला. घ्या अण्णा. घे गं बाई. माझं नाव लक्ष्मम्मा. ह्यांनी सांगितलं नसंल, ह्यांना स्वतःचंच नाव सांगाया येळ लागतो. म्या ऐकलं समदं भिंतीपलीकडनं.

अनंतराव : ऐका. लपवायचं काही नाही.

लक्ष्मम्मा : माझी सासू गेली, तवा तिची पानाची चंची म्या तशीच गुंडाळून ठिवली. तिनं अर्धी कातरलेली सुपारी होती आत, चुना लावलेलं पान होतं. म्या म्हणले, तिच्या हातचं हाय, राहू दे. मग एक दिवस उघडली.

मृण्मयी : मग?

लक्ष्मम्मा : मुंग्या. दुसरं काय? लई रडले बघ. सासू मेली तवा एवढी रडले नव्हते.

मलप्पा : ते खरं हाय. तवा मला बी नवल वाटलं.

अनंतराव : उघडल्याशिवाय होणारच नाही का?

मलप्पा : तडा आरपार हाय, सायेब. वरून फट दिसती ती आत बी हाय. त्यातनं हवा कवाच...

अनंतराव : थोडी असेल.

मलप्पा : असंल. न्हाई कसं म्हणू? मी काय आत जाऊन बगितलं न्हाई.

अनंतराव : मग एक करा. फक्त तोंडाचं मेण काढा. बाकीची भोकं तशीच ठेवा. मी तोंड लावतो आणि ओढून घेतो.

मलप्पा : काय ओढता?

अनंतराव : जे आहे ते.

मलप्पा : सायेब, हिला फुंकतेत. हुक्का न्हाई ही.

अनंतराव : मला फुंकायची नाही. जन्मभर ती म्हणायची, अहो, एकदा फुंकून तर बघा. मी म्हणायचो, मला काय येतंय त्यातलं. नाही फुंकली. आता काय फुंकायचं?

मृण्मयी : आत काय काय साचलं असेल, बाबा. छातीत जाईल.

अनंतराव : जाऊ दे.

लक्ष्मम्मा : करू द्या त्यांना. तुम्ही सुरी घ्या. आणि बोलू नका आता, ऐकू येतंय का? जरा गप बसा.

(मलप्पा सुरीच्या टोकानं तोंडावरचं मेण काढतो. अनंतराव दोन्ही हातांनी बासरी धरून भोकाला ओठ लावतात आणि श्वास आत ओढतात. एक बारीक सूर निघतो, उलटा, आत जाणारा. मग तुटतो.)

मृण्मयी : बाबा! थुंका. थुंका आधी!

लक्ष्मम्मा : पाठ चोळ गं त्यांची. हळू. अण्णा, पाणी घ्या.

अनंतराव : पाणी नको.

मलप्पा : बुरशी असती हो आत. म्या म्हणलोच होतो.

लक्ष्मम्मा : तुम्ही काय म्हणला? हुक्का म्हणला तुम्ही.

मृण्मयी : बाबा, बोला काहीतरी.

अनंतराव : बरा आहे मी. वाजवायला बसायच्या आधी ती वेलदोडा चावायची. मला वाटलं, तो वास येईल.

मृण्मयी : नाही आला?

अनंतराव : ओल आली. बंद खोलीसारखी. तिची अशी काहीच नाही.

लक्ष्मम्मा : सूर आला पर. म्या ऐकला.

मलप्पा : फटीतनं हवा आत घुसली, म्हणून वाजली. लाकडाला फट असली की...

लक्ष्मम्मा : तुमच्यापाशी समद्याचं उत्तर हाय. तुमची कंबर कामून दुखती, तेवढ्याचं न्हाई.

मलप्पा : बरं बाई. सायेब, आता बाकीचं मेण काढू का?

अनंतराव : काढा. सगळं काढा.

मलप्पा : सांधे घट्ट बसलेत. तीन तुकडे निघतेल, येळ लागंल. आतली बुरशी पुसतो, बदामाचं तेल देतो, चाव्यांखालचं चामडं सडलंय ते बदलतो. ते माझ्याकडं लागलं. घोर हाय तो ह्या तोंडाच्या तुकड्याचा. ताई, उजेडात या. भोकाची ही कड बगा. डावीकडं काय दिसतंय?

मृण्मयी : खोलगट झालंय.

मलप्पा : बोट फिरवा. हळू. तडा तिथंच हाय, बाजूला ठिवा बोट. बाई डावीकडं तोंड धरत होत्या का?

अनंतराव : खालचा एक दात पडला होता तिचा. तेव्हापासून ओठ डावीकडं न्यायची. बरीच वर्षं झाली.

मलप्पा : म्हणून झिजलंय. लाकडावर ओठ ठिवून ठिवून. पाण्याच्या धारेनं पायरी झिजती तसं. आता झालंय काय, तडा बरोबर त्या खळग्यातनं गेलाय. तडा बुजवायचा म्हंजे ह्याच लाकडाची भुकटी लाखेत कालवून भरायची, वर कानस मारायची, आणि कड नव्यानं काढायची. खळगा ऱ्हात न्हाई.

अनंतराव : खळगा ठेवून भरा.

मलप्पा : मग वाजणार न्हाई. शोभेला ठिवायची तर ठिवतो. वाजवायची असंल तर कड एकसारखी पायजे. आणि ती बी कुणाच्या तोंडाला काढायची ते आधी सांगा. नीट झाल्यावर एकाच माणसानं रोज थोडी थोडी फुंकायची. लाकूड त्याच्या वाफेची सवय धरतंय. आज ह्यानं, उद्या त्यानं असं केलं तर परत फुटंल.

मृण्मयी : माझ्या तोंडाला काढा.

अनंतराव : नाही.

मृण्मयी : का नाही? आईनंच शिकवलंय मला.

अनंतराव : आणि तू सोडून दिलंस.

मृण्मयी : सोडलं, कारण घरात आधीच एक वाजवणारी होती. माझा सूर लागला की तुम्ही आतून आईला ओरडून म्हणायचात, प्रमोदिनी, आज घसा बसलाय का बासरीचा?

अनंतराव : चेष्टेनं म्हणायचो मी ते.

मृण्मयी : माहितीये. तरी.

मलप्पा : मी जरा बाहेर जाऊन तंबाखू...

लक्ष्मम्मा : बसा इथंच. तंबाखू कुठं पळत न्हाई.

अनंतराव : मृण्मयी, तिच्या ओठाची एवढीच खूण राहिलीय. साड्या आहेत, पण साड्या धुतलेल्या आहेत. फोटोत ती हसते, तशी ती कधी हसायची नाही. हा खळगा तिनं केलाय. तो मी कानशीनं घासून टाकू म्हणतेस?

मृण्मयी : मी काय म्हणते ते ऐका. मला ती आईसारखी वाजायला नकोय. मला शिकवता येत नाही, बाबा. दुपारची बॅच आली की मी कान देऊन उभी राहते. पोरं हसतात आता. मला घरी येऊन तुमच्याशी बोलायचं असतं आणि तुम्ही कूलर बंद करून बसलेले. आपण दोघं दोन गावांत बसून तेच ऐकत असतो. मला ती फक्त बासरी व्हायला हवीय. चुकीची वाजू दे. माझ्यासारखी वाजू दे.

अनंतराव : आणि ती?

मृण्मयी : कोण ती? आई गेलीय, बाबा.

अनंतराव : मलप्पा, तुम्ही ते तीन तुकडे करा. तोंडाचं मी नंतर सांगतो.

\*

लक्ष्मम्मा : या अण्णा, या. एकलेच? ताई न्हाई आली?

अनंतराव : तिच्या क्लासमध्ये परीक्षा चालू आहेत. कशा आहात, लक्ष्मम्मा? उन्हाळा गेला एकदाचा.

लक्ष्मम्मा : गेला बाई. हे आतच हायेत. अहो, नांदेडचे अण्णा आलेत!

मलप्पा : बसा सायेब. बगा, हे तीन तुकडे. हाताला कसे लागतेत? चाव्या दाबून बगा.

अनंतराव : आवाजच होत नाही.

मलप्पा : चामडं नवं घातलं. कोकराचं, मऊ. सांध्याचा दोरा बाईंचाच ठिवलाय, सडला न्हवता. वरून एक पदर नवा दिला. आतनं बगा, उजेडाला धरा. आरशावानी झालंय का न्हाई?

अनंतराव : झालंय. फार चांगलं काम केलंत.

मलप्पा : मग? हैदराबादहून लोक उगं येतेत का?

लक्ष्मम्मा : हैदराबादहून एकच आला होता. तो बी रस्ता चुकून.

अनंतराव : आणि तोंडाचा तुकडा?

मलप्पा : तो तसाच हाय. खिडकीत ठिवलाय, सावलीला. तुम्ही सांगतो म्हणला होता.

लक्ष्मम्मा : खरं सांगा की त्यांना.

मलप्पा : काय खरं?

लक्ष्मम्मा : तुम्ही सांगत नसाल तर मी सांगती. अण्णा, तो तुकडा वाजतो.

मलप्पा : ए, काय बी बोलू नको. वारं असतंय.

लक्ष्मम्मा : जेवणं झाली, हे आडवे झाले, की चालू होतंय. म्या पयल्यांदा म्हणले, वारं हाय. खिडकी लावली. तरी वाजलं. मग खिडकी उघडून ठिवली परत.

अनंतराव : भीती नाही वाटली?

लक्ष्मम्मा : कशाची? बाईमाणूस हाय. तिचं ती वाजवती, माझं मी भांडी घासती. एकदा म्हणले बी तिला, बस बाई, सावकाश वाजव, आमच्या ह्यांना काय जाग येत न्हाई.

अनंतराव : मलप्पा, तुम्हाला ऐकू आलं?

मलप्पा : मी झोपलेला असतो.

लक्ष्मम्मा : मग कानस हातात घेऊन परत कामून ठिवून दिली? तेवढं सांगा.

मलप्पा : सायेबांनी सांगितलं नव्हतं म्हणून ठिवून दिली... आणि हात लागंना. बास? लाकडाला हात लावून केस पिकले माझे, असं कधी झालं न्हाई. लाकूड गरम लागलं. आत्ताच कुणी ओठ काढल्यावानी. उन्हात न्हवतं ते, सावलीला होतं.

अनंतराव : लक्ष्मम्मा, काय वाजवते ती?

लक्ष्मम्मा : मला काय मालूम, अण्णा. भजनावानी हाय. पर अर्धंच.

अनंतराव : अर्धं म्हणजे?

लक्ष्मम्मा : बरं चाललेलं असतं, आणि मधीच थांबती. रोज तिथंच. कुणाला तरी काय मागितल्यावानी थांबती. मग म्या वाट बघती, आता फुडं वाजवंल, आता वाजवंल. न्हाई वाजवत. दुसऱ्या दिवशी परत पयल्यापासनं.

अनंतराव : द्या तो तुकडा इकडं.

मलप्पा : हे घ्या. संबाळून. तडा थोडा लांबलाय.

अनंतराव : गरम नाही लागत मला.

मलप्पा : तवा लागला होता.

अनंतराव : घरी मला पूर्ण ऐकू यायचं. का मीच पुढचं म्हणून घेत होतो मनात, कोण जाणे. चाळीस वर्षं ऐकलं की पुढचं आपोआप येतं. अर्धंच असेल ते. लक्ष्मम्मा, ती पाणी मागते.

लक्ष्मम्मा : असंल.

अनंतराव : मी पाणी आणायला गेलो आणि आल्यावर भोकं बुजवली. ती तिथंच राहिली. अर्ध्यात. रोज पहिल्यापासून वाजवते आणि तिथं येऊन थांबते. हे मी केलं.

लक्ष्मम्मा : तुम्ही मायेनं केलं.

अनंतराव : मायेनंच केलं. म्हणून काय ते बरोबर होतं का?

मलप्पा : सायेब, असा इचार करू नका. लाकूड हाय. लाकडात काय माणूस ऱ्हातो?

लक्ष्मम्मा : आता कसं बोलता! हात लागंना म्हणत होता की मघाशी.

अनंतराव : मलप्पा, तडा बुजवा. कड नव्यानं काढा.

मलप्पा : कुणाच्या तोंडाला?

अनंतराव : मृण्मयीच्या. तिचा ओठ सरळ आहे. मधोमध काढा.

मलप्पा : खळगा जाईल. परत म्हणाल...

अनंतराव : नाही म्हणणार. पुढचं जे काही आहे ते मृण्मयी वाजवेल. वाकडंतिकडं वाजवेल, पण पुढं जाईल.

मलप्पा : माझा हात चुकला तर?

अनंतराव : चुकू दे. मी बसतो समोर.

लक्ष्मम्मा : आधी दोन घास खा दोघंजण. भाकरी थापलेली हाय, शेंगदाण्याची चटणी हाय. उपाशीपोटी असली कामं करू नयेत.

मलप्पा : खाऊ नंतर. एकदा मन झालंय तर होऊ दे. लाख तापत ठिवतो. कानस... ही बारीक कानस बरी. द्या सायेब तुकडा.

अनंतराव : देतो. जरा थांबा, मृण्मयीचा फोन आहे. हं, बोल गं.

मृण्मयी : बाबा, पोचलात का उदगीरला? झाली का ती?

अनंतराव : तीन तुकडे झालेत. फार चांगले झालेत. चाव्या लोण्यासारख्या चालतात.

मृण्मयी : आणि तोंडाचा?

अनंतराव : तुझ्या तोंडाला काढायला सांगितलाय.

मृण्मयी : खरंच? तुम्ही सांगितलंत?

अनंतराव : मीच सांगितलं.

मृण्मयी : बाबा... मला आता भीती वाटायला लागली. मला जमेल ना?

अनंतराव : नाही जमलं तर नाही जमलं. रोज थोडी थोडी फुंकायची. वाजवून झाली की तुकडे काढायचे, पुसायची. मी येईन लातूरला ऐकायला.

मृण्मयी : आणि चेष्टा करायची नाही.

अनंतराव : नाही करणार.

मृण्मयी : काम चालू झालं का? मागं कानशीचा आवाज नाही येत.

अनंतराव : मलप्पा कानस घेऊन समोर बसलाय. लाख तापलीय. लक्ष्मम्मा ताटं वाढतेय.

मृण्मयी : मग थांबलंय कशासाठी?

अनंतराव : तुकडा अजून मी त्याच्या हातात दिलेला नाही.